मटेरियल सायन्सचं विद्यार्थी मंडळ सुरू करताना: पहिल्या बैठकीपासून सूत्रं सोपवण्यापर्यंत

मटेरियल सायन्सला असलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: "म्हणजे तुम्ही नेमकं काय शिकता?" मेकॅनिकल, सिव्हिल किंवा कॉम्प्युटरवाल्यांना असं कुणी विचारत नाही. आपला विभाग बहुतेक ठिकाणी लहान असतो, वर्गात मोजकी मुलं असतात, आणि त्यातली बरीचशी या शाखेबद्दल फारसं काही माहीत नसताना आलेली असतात. अशा विभागात विद्यार्थ्यांचं स्वतःचं मंडळ असलं की खूप फरक पडतो. सीनियर-ज्युनियरांची ओळख होते, लॅबची भीती जाते, आणि पुस्तकातला फेज डायग्राम (कुठल्या तापमानाला आणि प्रमाणाला पदार्थ कुठल्या रूपात असतो ते दाखवणारा नकाशा) प्रत्यक्ष पोलादात काय घडवतो ते डोळ्यांनी बघता येतं.

आमच्या विद्यापीठात असं मंडळ उभं राहिलं तेव्हा मी त्यात पहिल्यापासून होते, पुढे समितीतही काम केलं. त्या वेळी माहिती तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागली. थोडी विद्यार्थी कार्यालयातून, थोडी प्राध्यापकांकडून, थोडी दुसऱ्या क्लबच्या मुलांकडून. ती एका जागी मिळावी म्हणून हे लिहिते आहे. फॉर्म आणि तारखा तुमच्या विद्यापीठाच्याच बघा. कामांचा क्रम मात्र सगळीकडे साधारण हाच असतो.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपलं मंडळ टिकतं ते हातात वस्तू आल्यामुळे. पाहुण्यांचं भाषण ठेवलं की पहिल्या वेळी हॉल भरतो, तिसऱ्या वेळी पुढच्या दोन रांगाही भरत नाहीत. दर पंधरा दिवसांनी काहीतरी वाकवायला, तोडायला, तापवायला किंवा सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मिळत असेल, तर मुलं परत परत येतात.

१. आधी माणसं जमवा, पदं नंतर वाटा

पाच-सहा जण मनापासून तयार असले की सुरुवात करता येते. त्यांतले निम्मे तरी पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे हवेत. शेवटच्या वर्षाची मुलं अनुभवी असतात, कामं पटापट उरकतात, म्हणून सगळी समिती त्यांचीच करायचा मोह होतो. मग ती पदवी घेऊन बाहेर पडतात आणि मंडळ फक्त नोटीस बोर्डावर उरतं. मंडळं बंद पडण्याचं इतकं नेहमीचं दुसरं कारण मी पाहिलेलं नाही.

दार आपल्या विभागापुरतं उघडं ठेवू नका. हाडातलं इम्प्लांट, बॅटरीचा कॅथोड, पुलाचं पोलाद, चिपमधलं सिलिकॉन हे सगळं आपल्याच विषयात येतं, आणि त्यावर काम करणारी मुलं भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, मेकॅनिकल, सिव्हिल, बायोमेडिकल अशी विखुरलेली असतात. सदस्यत्व सगळ्यांना खुलं ठेवा. पदाधिकाऱ्यांपैकी काही जण आपल्या विभागाचे असावेत एवढी अट पुरते.

पहिल्या बैठकीत तीनच गोष्टी ठरवा: कुठला वार आणि कुठली वेळ सगळ्यांना जमते, पहिला कार्यक्रम कोणता, आणि कोण कुठलं काम नियमित करणार. बैठकीचं इतिवृत्त त्याच दिवशी लिहून उपस्थितांच्या सह्या घ्या. नोंदणीच्या वेळी ते मागतात, आणि महिन्याभरानंतर आठवून लिहिलेल्या इतिवृत्तात हमखास गोंधळ असतो.

अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ही पदं जवळपास सगळीकडे लागतात. चौथं पद मी आग्रहाने सांगेन: सुरक्षा प्रमुख. कुठलाही प्रयोग जागच्या जागी थांबवायचा अधिकार या माणसाला द्या, आणि तो निर्णय अध्यक्षालाही फिरवता येणार नाही असं नियमावलीतच लिहा. आपल्या कार्यक्रमांत भट्टी, आम्ल, द्रवरूप नायट्रोजन आणि फुटणारी काच असते. वादविवाद मंडळाला या पदावाचून चालेल, आपल्याला चालणार नाही.

२. मार्गदर्शक प्राध्यापक आणि लॅब सांभाळणारी माणसं

मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा वेळ बघा. विभागप्रमुखांच्या सहीला वजन असतं, पण दर महिन्याला त्यांची भेट मिळणार आहे का? नुकतेच रुजू झालेले, स्वतःची लॅब उभी करणारे प्राध्यापक बरेचदा जास्त उत्साहाने साथ देतात. भेटायला जाताना एक पानाचा कागद घेऊन जा: मंडळ कशासाठी, पहिल्या सत्रात काय करणार, कुठलं उपकरण लागणार, देखरेख कोण करणार. "सर, आमचे मार्गदर्शक व्हाल का?" असा मोघम प्रश्न विचारला तर उत्तरही मोघम मिळतं. "मॅडम, महिन्यातून एकदा पॉलिशिंग रूम दोन तास मिळेल का, आणि तेव्हा तुम्ही किंवा तुमचे पीएचडीचे विद्यार्थी थांबू शकतील का?" असं विचारलं की लगेच हो किंवा नाही कळतं.

लॅब असिस्टंटना मात्र बहुतेक मंडळं अगदी शेवटी भेटतात, आणि तिथेच अडकतात. भट्टी, कटिंग मशीन, पॉलिशिंगच्या चकत्या, मेटलर्जिकल मायक्रोस्कोप हे सगळं त्यांच्या ताब्यात असतं. कुठली भट्टी दाखवते त्यापेक्षा जास्त तापते हे त्यांनाच ठाऊक असतं. वेळापत्रक ठरवण्याआधी त्यांना विचारा. त्यांच्या सुट्टीच्या वेळेनंतर कार्यक्रम लांबणार असेल तर आधी परवानगी घ्या.

लॅब वापरताना एक शिस्त पहिल्या दिवसापासून अंगी बाणवा. नमुना २४०, ४००, ६००, ८००, १२०० अशा क्रमाने वाढत्या नंबरच्या कागदांवर घासला जातो आणि मग मऊ कापडावर ॲल्युमिना किंवा हिऱ्याच्या बारीक पेस्टने पॉलिश होतो. प्रत्येक टप्प्यानंतर नमुना आणि स्वतःचे हात दोन्ही धुवा. २४० नंबरच्या कागदाचा एक कण बोटाला चिकटून एक मायक्रॉनच्या कापडावर गेला, तर त्या कापडावर पॉलिश होणाऱ्या पुढच्या प्रत्येक नमुन्यावर ओरखडे उठतात. मग कुणाच्या तरी थीसिसचं काम खोळंबतं आणि मंडळाला लॅब मिळणं बंद होतं.

३. नियमावली आणि नोंदणी

नियमावली दोन-तीन पानांत बसवा. दुसऱ्या एखाद्या मंडळाची नियमावली समोर ठेवून लिहायला हरकत नाही, पण तिच्यातली जी कलमं तुम्हाला पाळता येणार नाहीत ती काढून टाका. गणपूर्ती हे त्याचं ठळक उदाहरण. "एकूण सदस्यांपैकी निम्मे उपस्थित हवेत" असं लिहिलंत तर परीक्षेच्या काळात एकही बैठक वैध होणार नाही. निवडणूक कधी, पद मध्येच रिकामं झालं तर काय, पैसे काढायला कुणाच्या सह्या, मंडळ बंद झालं तर शिल्लक रक्कम आणि वस्तू कुणाकडे जाणार, एवढं स्पष्ट लिहिलं की पुरे.

नोंदणीसाठी साधारण ही कागदपत्रं लागतात:

- मंडळाची नियमावली, संस्थापक सदस्यांच्या सह्यांसह
- सदस्यांची यादी: नाव, विभाग, वर्ष, विद्यापीठाचा ईमेल
- मार्गदर्शक प्राध्यापकांचं संमतीपत्र
- स्थापनेच्या बैठकीचं इतिवृत्त
- पहिल्या वर्षाचा कार्यक्रम आराखडा आणि अंदाजपत्रक
- लॅब किंवा वर्कशॉप वापरण्याची विभागाची लेखी परवानगी
- प्रयोगवार जोखमीचा तक्ता: काय करणार, धोका कोणता, तो कमी करायला काय केलं, जबाबदार कोण
- समितीने घेतलेल्या लॅब सुरक्षा प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं

जोखमीचा तक्ता बाकी क्लबना सहसा द्यावा लागत नाही, त्यामुळे विद्यार्थी कार्यालयातही त्याचा नमुना नसण्याची शक्यता असते. तो विभागाच्या सुरक्षा समितीकडे मागा. अर्ज अडकला तर बहुधा याच कागदापाशी अडकतो.

४. पैसे

सदस्यांची वर्गणी कुणाच्याही वैयक्तिक खात्यात घेऊ नका, एका दिवसासाठीसुद्धा. विद्यापीठाकडून मंडळाचं खातं उघडून होईपर्यंत वर्गणी घेऊच नका. पहिले कार्यक्रम जवळजवळ फुकटात होतात, ते पुढे येईलच. प्रत्येक खर्चाची पावती, त्यावर कशासाठी आणि कुणी खर्च केला याची नोंद, आणि महिन्यातून एकदा खजिनदार व आणखी एकाने मिळून केलेला ताळा, एवढ्याने हिशेब चोख राहतो.

एखादी कंपनी प्रायोजक म्हणून पुढे आली तर बदल्यात तिला काय हवं आहे ते लेखी घ्या. सदस्यांचे फोन नंबर आणि ईमेल मागितले तर नम्रपणे नकार द्या. पैशांपेक्षा वस्तू मागणं मला जास्त फायद्याचं वाटतं. टाकून द्यायचे कापलेले तुकडे, चाचणीत तुटलेले नमुने, जुने टर्बाइन ब्लेड, कालबाह्य झालेला कार्बन फायबरचा रोल. उद्योगाला ज्याचं काही मोल नाही, त्यातून मंडळाचं वर्षभराचं काम निघतं.

५. सुरक्षा, प्रत्येक वस्तूसाठी वेगळी

"गॉगल घाला" एवढ्या एका ओळीत हे संपत नाही. ज्या चार गोष्टी मंडळांच्या कार्यक्रमांत हमखास येतात, त्या बघू.

*द्रवरूप नायट्रोजन.* तो उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो. त्या थंडीने त्वचा भाजते हे सगळ्यांना माहीत असतं. खरा मोठा धोका हवेचा आहे. एक लिटर द्रवाची वाफ होऊन सुमारे ७०० लिटर वायू होतो आणि बंद खोलीतला ऑक्सिजन बाजूला सारतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, गुदमरल्याची जाणीवही होत नाही. खोली मोठी आणि हवेशीर हवी. भांडं लिफ्टने न्यायचं असेल तर भांडं एकटं जाईल, माणसं जिन्याने. झाकण घट्ट बसणाऱ्या कुठल्याही बाटलीत तो ओतायचा नाही, कारण आतला दाब वाढून ती फुटते. हातमोजे सैल हवेत, आत द्रव गेला तर झटकन काढता आले पाहिजेत.

*नायटल.* पोलादाची सूक्ष्मरचना दिसावी म्हणून नमुन्यावर लावतात ते अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल, बहुधा २ टक्क्यांचं. ते तयार करणं लॅब असिस्टंटचं काम, विद्यार्थ्यांचं नव्हे. उरलेलं नायटल ॲसिटोनच्या टाकाऊ बाटलीत कधीही ओतू नका. नायट्रिक आम्ल आणि ॲसिटोन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल लागणारं काहीही मंडळाच्या कार्यक्रमात घेऊच नका.

*गॅलियम.* २९.८ अंशांना वितळणारा हा धातू तळहातावर पातळ होतो, म्हणून सगळ्यांना आवडतो. पण तो ॲल्युमिनियमच्या कणसीमांमधून, म्हणजे धातूच्या बारीक स्फटिकांमधल्या सांध्यांतून, आत शिरतो आणि धातू इतका ठिसूळ करतो की बोटांनी चुरा होतो. ॲल्युमिनियमचा लॅपटॉप किंवा फोन त्याच टेबलावर असता कामा नये.

*काच आणि भट्टी.* प्रिन्स रूपर्टचे थेंब, म्हणजे वितळलेली काच पाण्यात सोडून केलेले शेपटीवाले थेंब, फोडताना फेस शील्ड घाला आणि थेंब जाड पारदर्शक पेटीत ठेवा. भट्टीपाशी सिंथेटिक कपडे नकोत. तापवलेला नमुना लाल दिसेनासा झाला तरी कितीतरी वेळ हात भाजण्याइतका गरम असतो, म्हणून "गरम" अशी पाटी शेजारी ठेवा.

६. पहिला कार्यक्रम: बर्फाची तुळई

पहिल्या कार्यक्रमासाठी मी डोळे झाकून हाच सुचवेन. फ्रीजर, लाकडाचा भुसा, बादली आणि वाळू एवढ्यावर तो होतो. भट्टी नाही, आम्ल नाही, आणि तरी त्यात कंपोझिट (वेगवेगळे पदार्थ मिसळून केलेला पदार्थ), भंग, विसर्पण (वजनाखाली हळूहळू आकार बदलणं) आणि आकडेवारी असं सगळं येतं.

दुसऱ्या महायुद्धात जेफ्री पाइक याने बर्फाची विमानवाहू नौका बांधायची कल्पना ब्रिटिशांसमोर मांडली होती. तिचं नाव प्रोजेक्ट हबाकुक. साधा बर्फ ठिसूळ, म्हणून त्यात लाकडाचा लगदा किंवा भुसा मिसळलेलं पायक्रीट पुढे आलं. पुढे १९६२ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या मॅक्स पेरुत्झनेही त्यावर काम केलं. कॅनडातल्या पॅट्रिशिया लेकवर १९४३ मध्ये एक नमुनाही बांधला गेला. जहाज काही झालं नाही, पण मिश्रणाचं प्रमाण आपल्या कामाचं आहे: वजनाने सुमारे १४ टक्के भुसा, बाकी पाणी.

करायचं असं. अडीच सेंटिमीटर रुंद, तितकेच जाड आणि २५ सेंटिमीटर लांब असे साचे घ्या. साध्या पाण्याच्या किमान दहा पट्ट्या आणि पायक्रीटच्या दहा. ८६० ग्रॅम पाण्याला १४० ग्रॅम भुसा हे प्रमाण धरा. भुसा आधी पाण्यात चांगला भिजवून घ्या, नाहीतर तो वर तरंगतो आणि पट्टीच्या तळाशी निव्वळ बर्फ राहतो. मिश्रण दाट होतं, ते साच्यात दाबून भरावं लागतं. रात्रभर गोठवा.

दोन टेबलांमध्ये २० सेंटिमीटर अंतर ठेवून पट्टी आडवी ठेवा, मधोमध दोरीने बादली टांगा आणि तीत हळूहळू वाळू ओता. बादली जमिनीपासून वीतभरच वर असावी, खाली फोम ठेवा, पाय लांब ठेवा. पट्टी तुटली की बादलीचं वजन करा. वाकण्याची ताकद काढायचं सूत्र सोपं आहे: तीन गुणिले भार गुणिले आधारांमधलं अंतर, भागिले दोन गुणिले रुंदी गुणिले जाडीचा वर्ग. साध्या बर्फाची ताकद एक मेगापास्कल धरली तर या मापाची पट्टी पाचेक किलोला तुटायला हवी. आधी सगळ्यांना अंदाज कागदावर लिहायला सांगा, मग वाळू ओता.

साधा बर्फ एका क्षणात, टक्क आवाज करून दुभंगतो. पायक्रीटची पट्टी कितीतरी जास्त वजन घेते, आणि तडा गेला तरी एकदम वेगळी होत नाही. फटीतून भुशाचे तंतू दोन्ही बाजूंना धरून ठेवलेले दिसतात. ती फट भिंगातून प्रत्येकाला बघू द्या. तंतू तडा अडवतात हे वाक्य वर्गात कितीही वेळा ऐकलं तरी ते पटतं ते इथे.

दहा पट्ट्या का, असं कुणीतरी विचारेलच. दहाही साध्या पट्ट्या वेगवेगळ्या वजनाला तुटतात, कारण ठिसूळ पदार्थाची ताकद त्यातल्या सगळ्यात वाईट दोषावर ठरते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना त्या आकड्यांवरून वायबुल आलेख, म्हणजे कुठल्या वजनाला पट्टी तुटण्याची शक्यता किती ते दाखवणारा आलेख, काढायला द्या. वेळ उरला तर एक पायक्रीटची पट्टी थोडं वजन टांगून फ्रीजरमध्येच ठेवून द्या आणि पुढच्या भेटीत किती वाकली ते मोजा. उणे ५ अंशांचा बर्फ केल्व्हिनमध्ये मोजला तर आपल्या वितळणबिंदूच्या ९८ टक्क्यांवर असतो, म्हणून तो वजनाखाली हळूहळू वाहतो. प्रोजेक्ट हबाकुकलाही हेच नडत होतं. जहाज वाकू नये म्हणून ते उणे १५ अंशांच्या आसपास थंड ठेवणं भाग होतं.

७. वर्षभराचं वेळापत्रक

रचना, गुणधर्म, प्रक्रिया आणि कामगिरी ही चार टोकं असलेला आपल्या विषयाचा चतुष्फलक (टेट्राहेड्रन) प्रत्येकाने पहिल्या वर्षी पाहिलेला असतो. कार्यक्रम निवडताना तो समोर ठेवा. ज्या कार्यक्रमात यातल्या किमान दोन टोकांचा संबंध जोडून दाखवता येतो, तो घ्या. नुसतं "गंमत म्हणून" काही दाखवलं की टाळ्या मिळतात आणि मुलं काही न शिकता घरी जातात.

माझ्या पसंतीचे काही:

पोलादाला पाणी देणं. एकाच उच्च कार्बन पोलादाच्या तारेचे चार तुकडे घ्या. एक तसाच ठेवा. दुसरा लाल तापवून सावकाश थंड करा, तो हवा तसा वाकतो. तिसरा लाल तापवून पाण्यात बुडवा, तो काडीसारखा मोडतो. चौथा पाण्यात बुडवल्यावर घासून चकचकीत करा आणि पुन्हा मंद आचेवर तापवा. २२० अंशांच्या आसपास त्यावर गवती पिवळा रंग चढतो, ३०० च्या सुमाराला निळा. निळ्यावर थांबवलात तर तो वाकून परत सरळ होतो. तार आधी तपासून घ्या: लाल तापवून बुडवल्यावरही ती मोडत नसेल तर तिच्यात कार्बन पुरेसा नाही.

पियानो वायरचा प्रयोग खोली अंधारी करून करा. मीटरभर पोलादी तार दोन विद्युतरोधक खांबांना ताणून तिच्यातून कमी व्होल्टेजचा जास्त प्रवाह सोडतात, मध्ये छोटं वजन टांगलेलं असतं. तार लाल होऊन झोळ पडतो. प्रवाह बंद केला की ती आकसत वर येते, मग मध्येच क्षणभर पुन्हा खाली जाते आणि पुन्हा उजळते. तापलेल्या पोलादाची ऑस्टेनाइट ही रचना थंड होताना बदलून तिचं पर्लाइट होतं, तेव्हा आकारमान वाढतं आणि उष्णता बाहेर पडते, ती अशी डोळ्यांना दिसते. विजेची जोडणी विभागाच्या तंत्रज्ञांकडूनच करून घ्या.

निटिनॉलची तार, म्हणजे निकेल-टायटॅनियम, गरम पाण्यात टाकली की जुना आकार धरते. विकत घेताना रूपांतराचं तापमान खोलीपेक्षा बरंच वर आहे ना, ते बघा. नाहीतर दाखवायच्या वेळी ती वाकतच नाही, नुसती उडी मारून सरळ होते.

आणि मोडक्या वस्तूंची संध्याकाळ. माझ्या मते वर्षातला सगळ्यात चांगला कार्यक्रम हाच. प्रत्येकाने एक तुटलेली वस्तू आणायची: सायकलचा पेडल, बोल्ट, स्प्रिंग, प्लॅस्टिकची बिजागरी. नियम तीन. तुटलेले पृष्ठभाग एकमेकांना जुळवून बघायचे नाहीत, कारण त्याने खुणा पुसल्या जातात. त्यांना बोट लावायचं नाही. आणि आधी नुसत्या डोळ्यांनी, मग दहापट भिंगाने, मगच मायक्रोस्कोपखाली. थकव्याने, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने, तुटलेल्या बोल्टवर शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा दिसतात. त्या जिथे एकवटतात तिथून तडा सुरू झालेला असतो. तिथे बहुधा खाच, गंज किंवा धारदार कोपरा सापडतो. शेवटी अर्धा तास चर्चा मोठ्या उदाहरणांवर ठेवा: १९४३ मध्ये बंदरात उभं असताना दुभंगलेलं शेनेक्टडी जहाज, १९५४ मधले कॉमेट विमानांचे अपघात, १९८६ मध्ये चॅलेंजर यानाच्या थंडीत कडक झालेल्या ओ-रिंग (सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या). एक सूचना महत्त्वाची आहे. कुणी इंटर्नशिपच्या कंपनीतला तुटलेला भाग आणला तर तो तसाच परत पाठवा. तो गोपनीय असू शकतो.

मायक्रोग्राफ, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या चित्रांची, स्पर्धा कमी कष्टात होते. प्रत्येक चित्रावर मापपट्टी, नमुना कसा तयार केला आणि रंग नंतर भरले असतील तर त्याचा उल्लेख, या तीन अटी ठेवा.

परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे काहीही ठेवू नका.

८. मोठ्या संस्थांशी जोडून घ्यायचं का?

घ्यायचं, पण पहिल्या वर्षी नाही. अमेरिकन सिरॅमिक सोसायटी (१८९८), एएसएम इंटरनॅशनल (१९१३), इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्स (१९४६), मटेरियल्स रिसर्च सोसायटी (१९७३), २००२ मध्ये विलीनीकरणातून झालेली ब्रिटनची इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स, मिनरल्स अँड मायनिंग, अशा संस्था विद्यार्थ्यांना सामावून घेतात. कुठे विद्यापीठात चॅप्टर, म्हणजे संस्थेची शाखा, उघडता येतो, कुठे स्वस्त विद्यार्थी सदस्यत्व मिळतं. परिषदा, नियतकालिकं, स्पर्धा असे फायदे असतात. सिरॅमिकवाल्यांची मग पाडण्याची स्पर्धा तर कुणालाही आवडेल अशी आहे: विद्यार्थ्यांनी स्वतः घडवून भाजलेले मग वाढत्या उंचीवरून खाली सोडतात आणि जो शेवटपर्यंत टिकतो तो जिंकतो.

चॅप्टर झालात की वार्षिक अहवाल, किमान सदस्यसंख्या, नाव आणि बोधचिन्ह वापरण्याचे नियम मागे लागतात. वर्षभर नियमित भेटी होत आहेत आणि दुसरी समिती निवडून आली आहे, एवढं झालं की अर्ज करा. तोवर सदस्यांना वैयक्तिक सदस्यत्व घेऊ द्या.

९. सूत्रं सोपवणं

निवडणूक शेवटच्या परीक्षेच्या किमान दोन महिने आधी घ्या आणि जुन्या-नव्या समितीने महिनाभर बरोबर काम करावं. मंडळाचा ईमेल पदाच्या नावाने असावा, व्यक्तीच्या नव्हे. पासवर्ड, किल्ल्या, खात्यावरच्या सह्या बदलण्याचे फॉर्म, जोखमीचे तक्ते, कुठली वस्तू कुठून मिळते याची यादी, आणि प्रत्येक प्रयोगाचं एक पान: काय लागलं, किती वेळ गेला, काय फसलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. काय फसलं हा रकाना रिकामा ठेवू देऊ नका. नव्या मुलांना सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

प्रयोगांची पेटी सोपवताना यादी हातात घेऊन दोन्ही खजिनदारांनी एकेक वस्तू मोजावी आणि दोघांनी सह्या कराव्यात. निटिनॉलच्या तारा गरम पाण्यात टाकून बघा, अजून काम करतात ना. फेस शील्डवर बारीक तडे किंवा ओरखडे असतील तर ती तिथल्या तिथे बाद करून नवीन मागवा. बिनलेबलची एकही बाटली नव्या समितीकडे जाता कामा नये. आत काय आहे हे ठामपणे कुणाला सांगता येत नसेल, तर ती बाटली न उघडता लॅब असिस्टंटच्या ताब्यात द्या.